कंठातील ठेवा



ऑस्ट्रेलियात शहरांपासून दूरच्या रानमुलखाला ‘बुश’ म्हणतात. तेथील लोकर कातरणाऱ्यांची, गुराख्यांची व गृहिणींची गाणी जॉन मेरेडिथ यांनी १९५३ पासून न्यू साउथ वेल्समध्ये हिंडून ध्वनिफितीवर उतरविली. सॅली स्लोन या बाईंना आईकडून आलेली कितीतरी गाणी मुखोद्गत होती. १९६७ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात गाण्यांबरोबर गाणाऱ्यांनाही मानाचे स्थान मिळाले.

आपल्याकडे हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत आमच्या मातोश्रींची एकही नाही. पहाटे दळताना त्या ओव्या म्हणत. आम्ही उभा जन्म परक्या मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या. आईची ओवी मात्र लिहून घेतली नाही. गावात गिरणी आली, जाते थांबले आणि पुढे मातोश्रींबरोबर ओव्याही गेल्या.

आपल्या घरी वृद्ध स्त्रिया असतील, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा. ध्वनिमुद्रणाचे साधन आता प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्येच आहे. गाणारीचे नाव, गाव आणि गाणे कोणाकडून आले, हे अवश्य नोंदवा. तिचे शब्द मात्र ‘शुद्ध’ करू नका. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.