पाहुण्यांना पोळी, घरच्यांना भाकरी



सोलापूर-मराठवाड्याकडील घरांत एके काळी गव्हाची पोळी सणावारी होत असे. रोजच्या ताटात ज्वारीची भाकरीच. पाहुणा आला की मात्र पोळी लाटली जाई. भाकरीला कमीपणा चिकटला तो बहुधा या पाहुणचारातूनच. पुढे शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ येऊ लागले आणि सणाचे अन्न रोजचे झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा दर किलोला १ रुपया, सर्वांत कमी होता. तरी पिशवीतून घरी आले ते मुख्यतः गहू-तांदूळच.

आवड केवळ जिभेची नसते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. म्हणून दळण वरचेवर हवे, आणि ते काम बाईच्याच वाट्याचे. तिने पोळी पसंत केली, तर तिला दोष कोणी द्यावा?

ज्वारी घटली तसा कडबाही घटला. मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडीचा कडबा जनावरे आवडीने खातात. आता तो विकत घ्यावा लागतो.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरातील उपाहारगृहांत भाकरी मानाने वाढली जाते. गावात मात्र तालुक्याचे साहेब आले की अजूनही कणीकच मळली जाते.