जुन्या गाड्यांची चाल

हदगावहून उमरखेडच्या रस्त्याने एकेकाळी वऱ्हाडी, पुढारी, आजारी माणसं सगळी अ‍ॅम्बॅसेडरमधूनच जात. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या या गाडीचं उत्पादन 2014 पर्यंत चाललं. मागे पाट्यांची स्प्रिंग, मोठी चाकं. खड्ड्यातून ती सावकाश, पण निर्धास्त निघे. मात्र जोर मागच्या चाकांवर. रिकामी गाडी काळ्या मातीच्या चिखलात शिरली की मागची चाकं जागीच फिरत. तीच गाडी माणसांनी भरलेली असली, तर मागे वजन पडून पकड येई. मुरलेले ड्रायव्हर हे बरोबर ओळखत.

मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनीही मागच्याच चाकांवर चाले. ती आकाराने आटोपशीर, गावातल्या अरुंद गल्लीत वळवायला सोयीची.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि चित्रच पालटलं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, वजन अ‍ॅम्बॅसेडरपेक्षा पुष्कळ कमी, जोर पुढच्या चाकांवर. इंजिनाचा भार त्याच चाकांवर असल्याने पकड चांगली. डांबरी रस्त्यावर चपळाईत मारुतीच सरस. खचलेल्या पांदणीत मात्र माझं मत अ‍ॅम्बॅसेडरलाच.

जुनी गाडी घरी असेल, तर एक करा. टायरवरच्या चौकटीतले चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुनं होऊन कडक झालं असेल, तर पावसाळ्याआधी टायर बदलून घ्या.