कोर्टाचा कागद मोडला, तर?

(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या पावसाळ्यात एक बाई आमच्या केंद्रावर आली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेला एक कागद तिने माझ्यापुढे ठेवला. तो न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश होता. नवऱ्याने मारहाण करायची नाही, तिच्याशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही, ती राहते त्या माहेरच्या घराकडे फिरकायचे नाही, असे त्यात लिहिले होते. ती म्हणाली, "ताई, काल रात्री तो येऊन गेला. दाराला लाथा मारल्या. मग या कागदाचा काय उपेग?"

तिचा प्रश्न खरा होता. आपण बायांना कोर्टापर्यंत नेतो, आदेश हातात पडला की उपकारस्तुती करून घरी येतो. पुढचे कोणी सांगत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश अंतरिम असला, म्हणजे केस अजून चालू असली, तरी हेच लागू. शिवाय छळाचा किंवा हुंड्याचा गुन्हा दिसत असेल, तर दंडाधिकारी त्याचाही आरोप त्याच वेळी ठेवू शकतात.

आता कलम ३२ नीट ऐका. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. दखलपात्र म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट पाहावी लागत नाही. "घरचं भांडण आहे, मिटवून घ्या" हे उत्तर इथे चालत नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन कधीच नाही असे मात्र नव्हे. तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवते. आणि देताना अटी घालू शकते : धमकी द्यायची नाही, फोन करायचा नाही, दारू प्यायची नाही. दारूची अट घालता येते हे आपल्या भागात किती मोलाचे आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

बायांना वाटते, रात्री साक्षीदार कुठून आणायचा? एकट्या पीडित बाईच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा सिद्ध धरू शकते, असे याच कलमात म्हटले आहे. तरी तारीख, वेळ, काय बोलला, हे लगेच कोणाकडून तरी लिहून घ्या. फोनवरचे मेसेज पुसू नका. मोबाईलवरून केलेला संपर्कही संपर्कच. मूल आश्रमशाळेत असेल आणि तिथे जायला आदेशात मनाई असेल, तर शाळेच्या फाटकातून आत शिरणे हाही भंग आहे.

दिवाळीनंतर आपल्यातली निम्मी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे जिल्हा वेगळा, ठाणे वेगळे. पण आदेश भारतभर चालतो. म्हणून त्याची एक प्रत बरोबर न्या. प्रत फुकट मिळते, आणि कोर्टाने ती पोलीस ठाण्यालाही पाठवायची असते.

आता थोडे आपल्याविषयी, आणि हे मी संकोचानेच बोलते. त्या बाईच्या दारात नवरा एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर पाड्यातले दोन वडीलधारे होते आणि आपल्या मंडळीतले एक जण होते. हेतू चांगला, समेट करायचा. पण संपर्काला मनाई असताना आपण त्याला तिच्या दारात नेले, म्हणजे आदेश मोडायला हातभार लावला. त्याच्या वतीने कोणी आदेशाच्या अंमलबजावणीला आडकाठी केली, तर तोही भंगच धरावा असे नियम सांगतात. पंचांना किंवा पाळकांना हा आदेश रद्द करता येत नाही. ती स्वतः अर्ज करेपर्यंत तो राहतो. परिस्थिती बदलली तर नवराही अर्ज करू शकतो, पण दंडाधिकाऱ्यांकडे, पंचांकडे नाही. आणि कोर्टात गेली म्हणून तिला वाळीत टाकले, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

लग्न लागलेले नाही, नुसतेच एकत्र राहतो, म्हणून काही बाया मागे राहतात. आपल्याकडे लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी वर्षानुवर्षे तशीच नांदतात. लग्नासारखे नांदणेही या कायद्यात बसते.

एक अडचण मी लपवणार नाही. तो आत गेला तर मजुरी थांबते, आणि दंडाची रक्कम सरकारजमा होते, तिच्या हाती येत नाही. म्हणूनच बाया तक्रार करायला कचरतात. त्यांना भित्र्या म्हणू नका. खावटीचा आदेश वेगळा मागता येतो, आणि तो थकला तर त्याच्या वसुलीची वाटही वेगळी आहे. त्या दिवसांत घरात तांदूळ आहे का, हे आपण पाहायचे.

भंग झाला की ११२ वर फोन करा, किंवा महिलांसाठीच्या १८१ वर. तक्रार लेखी द्या, सही किंवा अंगठा करा. ठाण्यात घेतली नाही तर संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे देता येते. संरक्षण अधिकाऱ्याने आदेशाप्रमाणे काम करायला सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर त्यालाही शिक्षा आहे. वकील फुकट मिळतो. १५१०० वर विचारा.

त्या बाईची तक्रार तिसऱ्या फेरीला नोंदवून घेतली. आता तारखा चालू आहेत. पुढची तारीख याच महिन्यात आहे आणि तिच्याबरोबर जायला दोघीजणी हव्या आहेत. तालुक्याची पहिली एसटी सव्वासहाला सुटते. ज्यांना जमेल त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्या.