सोन्याचा कण आणि रोगाची चाहूल
(शास्त्रीनगर, जयपूर येथे मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात सोन्याविषयी बोलावे, हे उचितच होय. मात्र आम्ही ज्या सोन्याविषयी बोलणार आहोत, ते पिवळे नव्हे. पाण्यात ते माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅराडे यांनी असे लाल द्रावण १८५७ साली विद्वानांपुढे मांडले. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे सोन्याचे कण आज रोगनिदानाच्या कामी येऊ लागले आहेत.

याच जयपुरात सवाई जयसिंहांनी धातूची लहान यंत्रे अपुरी मानून दगडी यंत्रे उभारली. युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट त्यांच्याच पदरी होते. सुमारे २७ मीटर उंचीचे येथील सम्राटयंत्र २ सेकंदांपर्यंत सूक्ष्म वेळ दाखविते. माप सूक्ष्म हवे तर यंत्र मोठे हवे, हा तेथला न्याय. रक्तातील प्रथिन मोजताना तो उलटा होतो. १ सेंटिमीटर बाजूच्या सुवर्णघनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटरचे घन केले, तर ते ६०० चौरस मीटर भरते. पृष्ठभाग जितका अधिक, तितकी प्रथिनाला पकडण्यास जागा अधिक.

हृदयाच्या स्नायूस इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. त्यालाच ओळखणारी प्रतिपिंडे सुवर्णकणांवर बसवितात आणि ते कण विद्युत अग्रावर. प्रथिन तेथे अडकले की प्रवाहात फरक पडतो, तो मोजावयाचा. घरोघरचे साखर मोजण्याचे यंत्र याच कुळातले. त्याचा पाया क्लार्क व लायन्स यांनी १९६२ साली घातला.

मग हृदयासाठी असे यंत्र घरोघरी का नाही? निरोगी माणसाच्या रक्तात साखर लिटरमागे सुमारे १ ग्रॅम असते. ट्रोपोनिनचा निर्णय मात्र ग्रॅमच्या अब्जांशांच्या हिशेबात होतो. त्याच द्रवात अल्ब्युमिन सुमारे ४० ग्रॅम! ही गर्दी अग्राला चिकटली की खोटा संकेत उमटतो. प्रयोगशाळेतील यश बाजारात पोहोचण्यास विलंब लागतो, तो बव्हंशी यामुळेच. तथापि वाट बंद नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनातून निघालेल्या 'पाथशोध' कंपनीने मधुमेहींच्या लघवीतील अल्ब्युमिन विद्युतरासायनिक पद्धतीने मोजणारे उपकरण सिद्ध केले आहे. मूत्रपिंडाच्या बिघाडाची ती पहिली चाहूल असते.

आपल्यापैकी अनेकांची मुले दूरदेशी आहेत आणि घरी वडीलधारी मंडळीच उरली आहेत. म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिल्या काही तासांत ट्रोपोनिन वाढलेले दिसेलच असे नाही. म्हणूनच डॉक्टर काही तासांनी तपासणी पुन्हा करतात. उद्या घरगुती यंत्र आले आणि त्याने 'नाही' म्हटले, तरी छातीत दुखत असता घरी थांबू नये. अशा वेळी शेजारच्या मराठी घराचे दार निःसंकोच ठोठवावे. मंडळ आहे ते त्यासाठीच.