ठेव कुठे ठेवली?



सप्टेंबर हा आपल्या नगर जिल्ह्यात सभांचा महिना. साखर कारखाना, विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, सगळ्यांच्या वार्षिक सभा याच दिवसांत होतात. मी ज्या पतसंस्थेचा सभासद आहे, तिच्या सभेला गेल्या वर्षी गेलो होतो. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं, ताळेबंद मंजूर झाला, लाभांश जाहीर झाला. अहवालाच्या मधल्या पानावर ‘गुंतवणूक’ असं सदर होतं आणि त्यापुढे फक्त एक आकडा. ऐनवेळच्या विषयांत मी उठलो. विचारलं, “हा पैसा कुठं ठेवलाय?” उत्तर आलं, “बँकेत. सुरक्षित आहे.” मी म्हटलं, “आणि बँक तो पुढं कुणाला देते?” त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. सभा आभारप्रदर्शनाकडे वळली.

हाच प्रश्न 2012 च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या कॉलेजांना विचारायला सुरुवात केली. कॉलेजचा राखीव निधी हवामान बिघडवणाऱ्या कोळसा, तेल आणि वायूच्या कंपन्यांत का, असं ते विचारत होते. मेन राज्यातल्या युनिटी कॉलेज या छोट्या संस्थेने 2012 मध्येच आपली गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं. दोन वर्षांनी रॉकफेलर ब्रदर्स फंडाने तेच जाहीर केलं. ज्या घराण्याची सारी दौलत खनिज तेलावर उभी राहिली, त्याच घराण्याचा हा निधी! पुढे 2021 मध्ये हार्वर्डने आणि 2023 मध्ये इंग्लंडच्या चर्चनेही हीच वाट धरली.

तुम्ही म्हणाल, हे तिकडचं. आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि तो आपल्या कपाटातल्या कागदांत आहे. आपल्याकडे गावोगाव एलआयसीचा एजंट असतो. कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीत केंद्र सरकारच्या खालोखाल सर्वांत मोठा हिस्सा एलआयसीचाच आहे. म्हणजे पोरीच्या लग्नासाठी भरलेल्या हप्त्यातला काही वाटा कोळशाच्या खाणीत उतरलेला असतो. एमआयडीसीतल्या कामगाराच्या पीएफचा काही भाग 2015 पासून शेअर बाजारात जातो. ज्या निर्देशांकात तो गुंतवला जातो, त्यात कोळसा आणि तेलाच्या कंपन्याही आहेत. हे सगळं कायद्याने चाललंय, कुणी लबाडी केलेली नाही. पण आपल्याला कुणी सांगितलंही नाही, आणि आपण विचारलंही नाही.

विचारलं की काय होतं, ते आपल्यातल्या क्रिकेटवेड्यांनी पाहिलेलं आहे. 27 नोव्हेंबर 2020, सिडनी, भारत-ऑस्ट्रेलिया पहिला एकदिवसीय सामना. सामना नुकताच रंगात येत असताना दोन माणसं मैदानात घुसली. त्यांच्या हातातल्या फलकावर आपल्या स्टेट बँकेचं नाव होतं. क्वीन्सलँडमधल्या अदानींच्या कारमायकल कोळसा खाणीला शंभर कोटी डॉलरचं कर्ज देऊ नका, असं त्यावर लिहिलं होतं. आपल्या गावच्या शाखेत ज्या बँकेचं पासबुक भरून मिळतं, तिच्या कर्जावरून सातासमुद्रापार खेळ थांबला होता. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या चारही मोठ्या बँकांनी त्या खाणीपासून अंग काढून घेतलं होतं. सुरुवातीला साडेसोळाशे कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा म्हणून गाजलेला तो प्रकल्प 2018 मध्ये सुमारे दोनशे कोटींवर आणावा लागला. 2021 मध्ये कोळसा निघाला, खाण बंद पडली नाही, हेही खरं. पण पैसा द्यायला कुणी तयार नसलं की मोठमोठे आराखडे लहान होतात, हेही तितकंच खरं.

एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे. आज आपल्या राज्यात दिवा लागतो तो मुख्यतः कोळशावर. चंद्रपूरचं वीज केंद्र उद्या बंद करा, असं म्हणणारा माणूस रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला तोंड दाखवू शकणार नाही. माझं मागणं तसलं नाहीच. मागणं नव्या पैशाबद्दल आहे. जो पैसा पुढची तीस वर्षं कुठल्यातरी कामाला लागणार आहे, तो नव्या खाणीला लागू नये, एवढंच.

आणि हे आपल्याच जिल्ह्यात होऊ शकतं, असं मी का म्हणतो ते सांगतो. शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 साली आरशांच्या 73 तबकड्या बसवल्या. एकेक तबकडी सोळा चौरस मीटरची. ऊन त्या आरशांवर पडतं, एका ठिकाणी एकवटतं, तिथे पाण्याची वाफ होते आणि ती नळातून खाली स्वयंपाकघरात जाते. दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ, हजारो भाविकांच्या डाळभातासाठी. मी त्या तबकड्या पाहिल्या तेव्हा दुपार होती. आरशांकडे बघवत नव्हतं, डोळे दिपत होते, आणि खाली पंगत बसलेली होती. गॅस वाचवायचा हा निर्णय एका देवस्थानाने घेतला, तोही जगात गुंतवणूक काढून घेण्याची ही चळवळ सुरू होण्याआधी.

त्याच संस्थानाने 2018 साली निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी 500 कोटी रुपये बिनव्याजी द्यायचं ठरवलं. त्यावर अकोल्यापासून कोपरगावापर्यंत चर्चा झाली, वाद झाले. झालेच पाहिजेत. भाविकांच्या पेटीतला पैसा कुठे जावा, यावर आपण नगरकर हक्काने बोललो. मग त्याच संस्थानाच्या मुदत ठेवीतल्या पैशाबद्दल का बोलू नये? तो तर त्याहून मोठा असतो. आणि आपल्या पतसंस्थेचा, सोसायटीचा, शाळेच्या संस्थेचा? 2014 ची गारपीट डाळिंबाच्या बागांवर पडली तेव्हा नुकसान याच सभासदांचं झालं. 2019 च्या उन्हाळ्यात चारा छावणीत जनावरांजवळ झोपले, तेही याच संस्थांचे ठेवीदार. हवामान बिघडलं की पहिला मार आपल्याच माणसांना बसतो, आणि त्याच माणसांची ठेव ते बिघडवणाऱ्या धंद्याला भांडवल पुरवते. ही गाठ आपणच सोडवायला हवी.

म्हणून या वर्षी मी ऐनवेळी उठणार नाही. सभेची नोटीस आली की मुदतीच्या आत, पोच घेऊन, प्रश्न लेखी देणार आहे. कागदावर उतरवून ठेवलाय. वाचतो. “संस्थेचा राखीव निधी आणि इतर गुंतवणूक कोणकोणत्या बँकांत आणि रोख्यांत आहे, त्याची नाववार यादी अहवालात छापावी. तसेच नव्या कोळसा प्रकल्पांना कर्ज न देणाऱ्या बँकेत ती हलवता येईल का, याचा संचालक मंडळाने सहा महिन्यांत विचार करून सभासदांना कळवावे.” खाली सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे.