चाके थांबली, तरी हात थांबू नयेत

(कर्जत, जि. अहिल्यानगर येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



संत सद्गुरू गोदड महाराजांच्या या नगरीत मी आज चाकांवरच्या घरांविषयी बोलणार आहे. दसरा-दिवाळी सरली की आपल्या कर्जत-जामखेड परिसरातील कितीतरी कुटुंबे कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ऊसतोडीला निघतात. पाच-सहा महिने त्यांचा संसार कोपीत चालतो. त्यांचे घर गरजेपोटी फिरते. अमेरिकेत मात्र घर हौसेने फिरते. तेथे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शेज असलेली मोटार घेऊन कुटुंबे महिनोन् महिने भ्रमंती करतात. या गाड्या बांधणारा उद्योग इंडियाना प्रांतातील एल्कहार्ट या परगण्यात एकवटला आहे. २००८-०९ च्या मंदीत त्याचे जे झाले, ते आपण समजून घेतले पाहिजे.

२००६ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे ३ लाख ९० हजार गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या होत्या. २००९ मध्ये हा आकडा १ लाख ६६ हजारांच्या आसपास आला. कोचमेन कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये हा व्यवसायच विकून टाकला. मार्च २००९ मध्ये मोनॅको कोच आणि फ्लीटवूड या नामांकित कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले. एल्कहार्टमधील बेकारी २० टक्क्यांच्या घरात पोहोचली. म्हणजे कामाला तयार असलेल्या दर पाच माणसांमागे जवळजवळ एक घरी बसला! राष्ट्राध्यक्षपदी येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ओबामांना त्या गावी जावे लागले.

हे का घडले? कारागीर अकुशल होते, असे मुळीच नाही. पहिले कारण असे की, ती वस्तू हौसेची होती आणि संकटात मनुष्य सर्वप्रथम हौस पुढे ढकलतो. दुसरे कारण त्याहून खोल आहे. ग्राहक गाडी कर्जावर घेई, अनेकदा घराच्या वाढत्या किमतीच्या भरवशावर. विक्रेताही दुकानातल्या गाड्या बँकेच्या कर्जावरच उभ्या करी. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि कर्जाचे नळ बंद झाले. विक्रेत्याने मागणी थांबवली, कारखान्याने पाळी थांबवली आणि सुताराच्या, वायरमनच्या घरची चूल अडचणीत आली. साखळीत शेवटच्या टोकाला जो उभा होता, त्याने कोणतेही कर्ज बुडवले नव्हते. पण पहिला फटका त्यालाच बसला.

पुढे तो उद्योग सावरला. २०२१ मध्ये ६ लाखांवर गाड्या तयार झाल्या. आणि २०२३ मध्ये पुन्हा निम्म्यावर, सुमारे ३ लाख १३ हजारांवर आल्या. भरती आली की सारे गाव एकाच होडीत बसते. ओहोटी आली की सारेच चिखलात.

आपण म्हणाल, हे सातासमुद्रापलीकडचे. आपल्याला त्याचे काय? पण आपल्या जिल्ह्यानेही चाके थांबताना पाहिली आहेत. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना बाजारात आणली. नगर-दौंड रस्त्यावरचा तिचा कारखाना अनेकांनी पाहिला असेल. दुधाचे कॅन लटकावलेली, मास्तरांना शाळेत नेणारी ती लूना ही हौस नव्हती. सामान्य मराठी कुटुंबाची ती गरज होती. तरीही तिचे दिवस सरले. पुढे त्याच उद्योगसमूहाने १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी केली. १९९८ मध्ये होंडा बाजूला झाली. बाजार कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकलींकडे वळला होता. अखेर २००८ मध्ये, त्याच जागतिक मंदीच्या वर्षी, कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्रांकडे गेला.

येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. वस्तू स्वदेशी आहे आणि गरजेची आहे, एवढ्याने ती टिकत नाही. ज्ञानही आपले असावे लागते आणि ते काळाबरोबर वाढवावे लागते. परंतु कथा येथे संपत नाही. नगरचा कारखाना सुटे भाग घडवत राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच परिवारातील कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी लूना आणली आणि तिच्या सांगाड्याचे भाग घडवण्याचे काम नगरच्याच कारखान्याकडे आले. वस्तू गेली होती, हातातले कसब राहिले होते. म्हणून ती परत येऊ शकली.

आज आपल्या तालुक्यातील तरुण सुपे, चाकण, बारामतीच्या कारखान्यांत जातात. त्यांतील बहुसंख्य कंत्राटी आहेत. जुलै २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली, तेव्हा सर्वप्रथम असेच तरुण घरी परतले. कायम कामगाराला नोटीस द्यावी लागते. कंत्राटी मुलाला उद्या येऊ नको म्हटले की पुरते. पं. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये एकात्म मानवदर्शन मांडताना अर्थव्यवस्थेच्या केंद्रस्थानी माणूस ठेवला. भारतीय मजदूर संघाची स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडींनी ‘उद्योगांचे श्रमिकीकरण’ हा विचार दिला. ही सूत्रे भाषणात शोभतात. त्यांची कसोटी मात्र मुलगा बॅग घेऊन एस.टी.तून उतरतो, त्या दिवशी लागते.

म्हणून तीन कामे सुचवतो. एक, आपल्या वस्तीतला कोण कोठे काम करतो आणि त्याला काय येते, याची नोंद कार्यकर्त्याकडे असावी. दोन, प्रत्येक तरुणाला एका यंत्रापुरते न राहता दुसरे एखादे कसब यावे. वेल्डिंग येणाऱ्याने शेतीची अवजारेही घडवावीत. दुष्काळी तालुक्यात ठिबक आणि पंप दुरुस्त करणाऱ्याला काम कमी पडत नाही. तीन, पगार सुरू झाल्याबरोबर मोटारसायकलचा हप्ता सुरू होतो. त्याआधी सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक सुरू व्हावी. बचत गटातल्या आपल्या माता-भगिनी हे शास्त्र पुरुषांपेक्षा अधिक जाणतात.

शेजारच्या चौंडीत जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आज आपल्या जिल्ह्याला लाभले आहे. त्यांनी महेश्वरी विणकरांना आश्रय दिला. राज्ये गेली, राजधान्या ओस पडल्या. महेश्वरचे माग आजही चालू आहेत. आपल्या गावी परतणाऱ्या हातांना असा आश्रय देण्यासाठी राज्य लागत नाही, जागा समाज लागतो. तो समाज आपण व्हावे, एवढीच प्रार्थना.

भारत माता की जय!