चांदबीबीचा अंगरखा
(रौप्यमहोत्सवी वेशभूषा कार्यक्रमात केलेले भाषण)



आत्ता हातावर ससाणा घेऊन जी चांदबीबी स्टेजवर येऊन गेली, ती माझी नात. पोशाख कुठून भाड्याने आणला, असं तिघा-चौघांनी विचारलं. तो घरीच शिवलाय. सौ.चं मशीन, माझी कात्री आणि तीन आठवडे.

आणखी एक प्रश्न जिन्यात कानावर आला : "जिजाऊ, अहिल्याबाई असताना चांदबीबी का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो.

चांदबीबी अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० साली नवऱ्याचा खून झाला. गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम बसला आणि त्याच्या नावाने कारभार हिने पाहिला. पुढे माहेरी आली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी काही शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला भगदाड पडलं. तेव्हा चेहऱ्यावर बुरखा आणि हातात उपसलेली तलवार घेऊन ती स्वतः भगदाडापाशी उभी राहिली. रातोरात भिंत बांधून घेतली. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला, पण किल्ला वाचला. सासर आणि माहेर, दोन्हीकडची राज्यं सांभाळणारी ही बाई आपल्याच मातीतली आहे. परकी कशी?

आता शिवणकामाकडे वळतो. तयार पोशाखात चमकी आणि पुठ्ठ्याचा मुकुट मिळतो. आम्ही दख्खनी चित्रं पाहिली. त्यात ती घोड्यावर बसून ससाण्याने शिकार करताना दिसते. त्यावरून लांब, घेरदार अंगरखा बेतला. बटणं नाहीत, बाजूला बांधायचे बंद. घेराला कापड फार लागतं, म्हणून सौ.च्या दोन जुन्या सुती साड्या कामी आल्या. काठाला जुन्या हिमरू शालीची पट्टी लावली. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं संभाजीनगरचं कापड. ससाणा कागदाच्या लगद्याचा.

त्यातलं एक चित्र सुमारे १७०० सालचं, म्हणजे तिच्या मागून शंभर वर्षांनी काढलेलं. नात म्हणाली, "आबा, मग ती खरंच असे कपडे घालायची का?" मी म्हटलं, अंगरख्याला चिठ्ठी लावू : 'नंतरच्या काळातील चित्रावरून.' बँकेत आयुष्य गेलं. व्हाउचर पाहिल्याशिवाय एन्ट्री पास करायची सवय नाही. नगरजवळच्या डोंगरावरच्या तीन मजली इमारतीला लोक 'चांदबीबीचा महाल' म्हणतात, पण ती सलाबतखानाची कबर आहे. नाव एकदा चिकटलं की निघत नाही.

आणि नाव चिकटण्यातूनच तिचा अंत झाला. १६०० साली मुघल पुन्हा आले. किल्ला टिकणार नाही, बाल सुलतानाला सुखरूप बाहेर काढून तह करावा, असं तिचं मत पडलं. लगेच "बाई फितूर झाली" अशी हूल उठली. कोणी शहानिशा केली नाही. ज्यांच्यासाठी ती भगदाडात उभी राहिली, त्यांनीच तिला ठार मारलं. थोड्याच काळात किल्लाही पडला आणि तो बाल सुलतान मुघलांचा कैदी झाला.

हे सांगताना नात मध्येच म्हणाली, "आबा, कुणी तिला नुसतं विचारलं का नाही?" याचं उत्तर मला देता आलं नाही. पंचवीस वर्षं आपण एका छताखाली राहतोय. पाण्यावरून, पार्किंगवरून, मेंटेनन्सच्या हिशोबावरून हुली इथेही उठतात. तेव्हा त्या पोरीचा प्रश्न आठवा. दार वाजवा, आधी विचारा.

बालमित्रांनो, पुढच्या वर्षी ज्यांना राजा-राणी व्हायचंय त्यांनी दिवाळीनंतर आमच्याकडे यावं. मलिक अंबर, देवगिरीचे यादव, कुणीही निवडा. येताना आईची एक जुनी साडी आणि किमान तीन प्रश्न घेऊन या. मशीन आमचं.